अर्ध्या चेहऱ्यावरची परीक्षा

सुरकुत्या कमी करण्याचा दावा करणाऱ्या क्रीमचे आणि सीरमचे खरेखोटे स्वतःपुरते ठरवायचे म्हटले तर सगळ्यात मोठी अडचण अशी, की तुलना करायला माणसाजवळ दुसरा चेहरा नसतो. झोप चांगली झाली, हवेतला दमटपणा वाढला किंवा उजेड समोरून पडला, एवढ्यानेही त्याच रेषा एके दिवशी पुसट वाटतात आणि दुसऱ्या दिवशी खोल, आणि या चढउताराचे श्रेय त्या आठवड्यात आणलेल्या बाटलीला मिळून जाते. पंचेचाळिशी उलटल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या रेषा न हसताही दिसू लागल्या आणि गालांवर तपकिरी डाग उमटले, तेव्हा मी या घटकांकडे वळले. पण वळतानाच ठरवले, की एका वेळी एकच घटक लावायचा आणि तोही डाव्या अर्ध्या चेहऱ्यावरच. त्वचेच्या औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत जुनीच आहे. एका बाजूला घटक असलेले क्रीम लावतात आणि दुसऱ्या बाजूला तेच क्रीम, पण घटकाविना. तसले घटकाविना क्रीम मला मिळण्यासारखे नव्हते, म्हणून उजव्या बाजूला साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावायचे ठरले.

माझ्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी ही कल्पना शांतपणे ऐकून घेतली आणि दोन अटी घातल्या. पहिली अट म्हणजे सनस्क्रीन दोन्ही बाजूंना सारखेच लावायचे. दुसरी अट फोटोंची होती. चेहरा धुऊन कोरडा केल्यावर, ठरलेल्या दिव्याजवळ, ठरलेल्या अंतरावरून आणि कॅमेऱ्यातली चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवूनच फोटो काढायचे. "दिवा समोर ठेवलात तर कुठलेही क्रीम गुणकारी ठरेल," त्या म्हणाल्या, "तो बाजूला ठेवा, म्हणजे रेषांची सावली पडेल." त्यांच्या या एका सूचनेने पुढचे सगळे काम सोपे केले. फोटो पाहून डावे-उजवे करण्याचे काम मी धाकट्या बहिणीकडे सोपवले. तिला कोणत्या बाजूला काय लावले आहे हे सांगत नसे, आणि काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून देत असे, म्हणजे डावी बाजू कोणती याचा अंदाजही तिला बांधता येऊ नये. आपण कष्ट आणि आशा दोन्ही गुंतवलेल्या गोष्टीचा निवाडा आपणच करू नये, हे माझे ठाम मत आहे.

सनस्क्रीनची परीक्षा मात्र अर्ध्या चेहऱ्यावर घेतली नाही आणि तशी घेणे योग्यही झाले नसते. चेहऱ्याचे जे म्हातारपण आपण वयाच्या खात्यावर टाकतो, त्यातला बराच भाग उन्हाचा असतो. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी बहुतांशी बाह्यत्वचेतच अडतात, पण यूव्हीए खाली अंतस्त्वचेपर्यंत उतरतात, आणि साध्या काचेतूनही आरपार येतात. किरण पडले की त्वचेच्या पेशी कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, तंतू तोडणारी विकरे तयार करतात. नंतर दुरुस्ती होते, पण ती दर वेळी थोडी अपुरी राहते, आणि हा अपुरेपणा वर्षानुवर्षे साचत जातो. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे होती. त्या बाजूची त्वचा जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांची झाली होती, तर उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. माझ्या अर्ध्या चेहऱ्याच्या परीक्षेला याहून स्पष्ट नमुना मला कुठे सापडला नाही, आणि तो कोणी मुद्दाम घडवलेला नव्हता.

सनस्क्रीनचा पुरावा नुसत्या एका छायाचित्रावर उभा नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर या गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांना चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून, काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले आणि बाकीच्यांना आपल्या मर्जीवर सोडले. सुमारे साडेचार वर्षांनी हातांच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरले. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा एकंदरीत परिणाम दिसला नाही. सनस्क्रीनच्या डब्यावर लिहिलेला एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर दिलेला असतो, आणि एवढा थर बहुतेक लोक कधीच लावत नाहीत. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर, प्रत्येकावर बोटाच्या लांबीएवढी एक, अशा क्रीमच्या दोन पट्ट्या काढल्या, तर साधारण योग्य माप होते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सावळ्या त्वचेच्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. गडद त्वचेत म्हातारपण सुरकुत्यांआधी डागांमधून दिसते, आणि हे डाग गडद करण्यात अतिनील किरणांबरोबर दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो. साधे सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेले, रंगाची छटा असलेले सनस्क्रीन तो बऱ्यापैकी अडवते. असे सनस्क्रीन पुरेसे लावू लागल्यावर माझे डाग गडद होणे थांबले, आणि हे इतर काहीही सुरू करण्याआधी घडले.

त्यानंतर एकेका घटकाची पाळी आली. हायल्युरॉनिक आम्लावर फार वेळ घालवण्याची गरज पडली नाही. लावल्यावर तासाभराने डोळ्याखालच्या बारीक रेषा खरोखर भरून आल्यासारख्या दिसत, आणि सकाळी चेहरा धुतल्यावर त्याच ठिकाणी जशाच्या तशा असत. हे आम्ल पाणी धरून ठेवते आणि त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर त्याने टवटवीत होतो. त्याचे मोठे रेणू त्याखाली जात नाहीत. कोरड्या त्वचेसाठी ते चांगलेच आहे. त्याला वार्धक्यरोधक म्हणणे मला पटत नाही. कोलॅजेन घातलेली क्रीम तर मी वापरलीच नाहीत. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून आत जात नाहीत असा ढोबळ नियम मांडला गेला आहे, आणि कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो. तो बाहेरून चोपडून आतल्या कोलॅजेनची भर कशी पडणार, हा प्रश्न क्रीम विकणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता.

व्हिटॅमिन सीचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा होता. त्याचे शुद्ध रूप, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, त्वचेत शिरायला द्रावणाचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) ३.५ पेक्षा खाली लागतो, आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून काही लाभ होत नाही, हे ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ साली दाखवून दिले. फेरुलिक आम्ल आणि व्हिटॅमिन ई जोडीला घातले तर ते अधिक टिकते, हेही याच गटाचे काम. पण बाटली उघडली की हवा लागते, आणि हे आम्ल बिघडायला सुरुवात होते. मी दर आठवड्याला सीरमचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून त्याचा रंग पाहत असे. सुरुवातीला थेंब पाण्यासारखा होता, मग फिकट पिवळा झाला, आणि बाटली पुरती संपण्याआधीच गडद चहाच्या रंगावर आला. तपकिरी झालेले सीरम त्वचेवर लावण्यात अर्थ नाही. ते त्वचेला आणि उशीच्या अभ्र्याला डाग पाडते एवढेच. पुढची बाटली लहान आणि गडद काचेची घेतली, ती थंड जागी ठेवली, तेव्हा तिचा गुण दिसला. डावा गाल काहीसा उजळ आणि एकसारख्या रंगाचा झाला, एक-दोन डाग फिकटले, आणि हे बहिणीनेही न सांगता ओळखले. रेषांच्या बाबतीत मात्र तिला दोन्ही बाजूंत काही फरक दिसला नाही. या घटकाचा दावा साफ खोटा नाही, पण तो एका नाजूक रसायनाच्या तब्येतीवर अवलंबून आहे, आणि दुकानातल्या फळीवर ती बाटली किती काळ उभी होती हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो.

नायसिनमाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३चे एक रूप, त्या मानाने सोशिक. ते सहज बिघडत नाही, झोंबत नाही, आणि रंगद्रव्याच्या बारीक पिशव्या बाह्यत्वचेच्या पेशींकडे जाण्याला काही अंशी अटकाव करते. ५ टक्के नायसिनमाइड १२ आठवडे अर्ध्या चेहऱ्यावर लावून केलेल्या चाचणीत डाग, लाली आणि बारीक रेषा यांत माफक सुधारणा नोंदली गेली आहे. माझ्या गालावर लाली कमी झाली, त्वचेचा कोरडेपणा घटला, रेषा तशाच राहिल्या. पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांची, एक बाटलीही मी नेटाने संपवली आणि फोटोंत काहीही आढळले नाही. या घटकावरच्या काही चाचण्यांत थोडासा परिणाम दिसलेला आहे, हे सांगायला हवे, पण त्यातले बरेच काम घटक बनवणाऱ्यांनीच केलेले आहे.

डब्यावरची घटकांची यादी वाचायला मी याच काळात शिकले, आणि हे शिकणे कोणत्याही सीरमपेक्षा उपयोगी पडले. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्क्याहून कमी असलेले घटक उत्पादकाला हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीएथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे क्रीम बिघडू न देणारे द्रव्य, युरोपात १ टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही. तेव्हा ज्या घटकाचे नाव डब्यावर ठळक छापले आहे, तो यादीत या परिरक्षकाच्या मागे दिसला, तर त्याचे प्रमाण टक्क्याच्या आत आहे हे समजावे. नायसिनमाइड किंवा व्हिटॅमिन सी असेल तर एवढ्याशा प्रमाणाने विशेष काही साधत नाही. रेटिनॉलला मात्र हा निकष लावता येत नाही, कारण ते टक्क्याच्या अंशातच काम करते.

रेटिनॉल आणि त्याच्या कुळातली संयुगे ही या सगळ्या खटाटोपातली खरी परीक्षा होती. ही सगळी व्हिटॅमिन एची रूपे आहेत. त्वचेतल्या पेशींना कळते ते रेटिनॉइक आम्ल. रेटिनॉलचे आधी रेटिनॅल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल व्हावे लागते, आणि रेटिनिल पाल्मिटेटला त्याही आधीची एक पायरी चढावी लागते. दर पायरीला गळती होते, म्हणून पाल्मिटेट सगळ्यात दुबळे. थेट रेटिनॉइक आम्ल म्हणजेच ट्रेटिनॉइन, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे औषध आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन यांनी ते आधी मुरुमांसाठी पुढे आणले आणि १९८६ साली उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम मांडला. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षे त्वचेचे प्रयोग केले होते; आपल्या ड्रॉवरमधल्या नळीमागे हा इतिहासही आहे, आणि तो विसरला जाऊ नये असे मला वाटते. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातल्या गटाने ट्रेटिनॉइनची नुसत्या क्रीमशी १६ आठवडे तुलना केली आणि रेषांत सुधारणा दाखवली. १९९३ साली याच विद्यापीठातल्या संशोधकांनी त्वचेचे तुकडे तपासून सांगितले, की १० ते १२ महिन्यांच्या वापरानंतर कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली होती, तर नुसते क्रीम लावणाऱ्यांत ती १४ टक्क्यांनी घटली होती. सुरकुत्यांवरच्या दुसऱ्या कोणत्याही लावायच्या घटकामागे असा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

मी सुरुवात रेटिनॉलने केली. ०.४ टक्के रेटिनॉल २४ आठवडे लावून ऐंशी पार केलेल्या ३६ जणांच्या दंडांच्या आतल्या, ऊन न लागणाऱ्या त्वचेवरच्या बारीक रेषा कमी झाल्याचे २००७ साली नोंदले गेले होते, तेव्हा आशेला जागा होती. काही महिन्यांत डाव्या बाजूचा पोत मऊ झाला, पण रेषांबद्दल बहिणीचे मत फोटोगणिक बदलत राहिले. मग डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन लिहून दिले, तेही ०.०२५ टक्क्यांचे. मी जास्त प्रमाणाबद्दल विचारल्यावर त्यांनी सांगितले, की ०.१ आणि ०.०२५ टक्क्यांची वर्षभर तुलना झाली आहे. गुण जवळपास सारखा येतो, दाह मात्र जास्त प्रमाणाने बराच वाढतो. "तुमच्या त्वचेला दाह झाला तर त्याचे डाग महिनोन्‌महिने राहतील," त्या म्हणाल्या. "डाग घालवायला आलात आणि नवे घेऊन गेलात, असे नको." गरोदर असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या स्त्रियांनी या कुळातले काहीही लावू नये, हे त्या प्रत्येक तरुण रुग्णाला न चुकता सांगतात, असेही त्यांनी त्या वेळी सांगितले.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री लावायचे होते. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कडांना पेट्रोलियम जेली लावायची, आणि पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे माप असते म्हणून अर्ध्या चेहऱ्याला त्याच्या निम्मे, तेही ठिपके देऊन पसरायचे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला हनुवटीच्या डाव्या कडेला आणि तोंडाच्या कोपऱ्याशी बारीक पापुद्रे सुटू लागले. गाल ताणल्यासारखा वाटे, साधे मॉइश्चरायझरही चुरचुरे. त्या दिवसांतले फोटो बहिणीला दिले, तेव्हा तिने उपचार घेतलेली बाजू अधिक वयस्क ठरवली, आणि ती बरोबर होती. कोरड्या, सोलवटलेल्या त्वचेवर प्रत्येक रेष ठसठशीत दिसते. बहुतेक लोक हे औषध याच टप्प्यावर सोडतात, असे डॉक्टर म्हणाल्या. आम्ही लावण्यातले अंतर वाढवले, आधी मॉइश्चरायझर आणि वर औषध असा क्रम केला, आणि सकाळी नायसिनमाइड जोडले. पापुद्रे हळूहळू थांबले.

बदल ज्या क्रमाने आला, तो मला सगळ्यात अधिक पटवून देणारा वाटला. आधी पोत सुधारला. बोट फिरवल्यावर डावा गाल वेगळा लागत असे. हे बाह्यत्वचेचे काम, आणि ते लवकर होते. मग डाग फिकटले. रेषा शेवटी, कित्येक महिन्यांनी, आणि त्याही फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषा. आतल्या थरात कोलॅजेन घडायला लागणारा वेळ या क्रमाशी जुळतो. आता उलटे केलेल्या फोटोंतूनही बहिणीने अधिक तरुण म्हणून डावी बाजूच निवडली. फरक मोठा होता का? नाही. शेजारून जाणाऱ्याला तो कळला नसता. पण तो होता, टिकून होता, आणि धुतल्याने जात नव्हता. जाहिरातीत दाखवतात तसा फरक आठवड्यांत घडतो असे कोणी म्हणत असेल, तर तो एक तर पाण्याचा फुगवटा आहे किंवा उजेडाची दिशा.

रेटिनॉलला पर्याय म्हणून बावचीच्या बियांतून काढलेले बाकुचिऑल पुष्कळ चर्चेत आहे. ४४ जणांवर १२ आठवडे केलेल्या एका चाचणीत ते रेटिनॉलइतकेच उपयोगी आणि कमी दाहक ठरले. पण त्यात घटकाविना क्रीम लावणारा गटच नव्हता, त्यामुळे दोन्हींपैकी कोणी नुसत्या क्रीमपेक्षा किती जास्त केले हे त्यातून सांगता येत नाही. ज्यांना रेटिनॉल सोसत नाही त्यांनी ते वापरून पाहायला हरकत नाही. ट्रेटिनॉइनच्या पंक्तीत त्याला आत्ताच बसवणे घाईचे होईल.

भुवयांमधली उभी आठी मात्र कोणत्याच घटकाला बधली नाही. ती स्नायूंच्या सततच्या हालचालीने पडते, कोलॅजेन घडवून ती सपाट होत नाही. डॉक्टरांनी बोट्युलिनम टॉक्सिनचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, पर्याय समजावून सांगितला, ज्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमक्या याच आठीसाठी २००२ साली मान्यता दिली. तो वेगळा उपाय आहे, वेगळ्या निर्णयाचा, आणि मी तो घेतलेला नाही.

पुरावा हाती लागल्यावर उजवी बाजू तशीच ठेवण्यात अर्थ नव्हता. मी ट्रेटिनॉइन पूर्ण चेहऱ्यावर लावायला लागले, आणि उजव्या गालाने तेच सगळे टप्पे त्याच क्रमाने पार केले, पापुद्र्यांसकट. आता बहिणीला फोटो दिले की ती म्हणते, "ताई, या वेळी काही सांगता येत नाही गं." डॉक्टरांनी औषध आठवड्यातून तीन रात्रींवर आणले आहे. सीरमच्या फळीवर नायसिनमाइडची बाटली तेवढी उरली आहे. व्हिटॅमिन सी लहान आणि ताजी बाटली मिळाली तरच घेते. हातांच्या पाठीला आणि कानांच्या पाळ्यांना सनस्क्रीन लावायची सवयही आता जडली आहे. मानेची त्वचा पातळ असल्याने तिथे ट्रेटिनॉइन अजून मॉइश्चरायझरमध्ये मिसळून आठवड्यातून एकदाच लावते, आणि तिला ते सोसते की नाही हे पुढचे काही महिने पाहायचे आहे.